पाण्याचा ढग आणि तेलाचा थेंब
इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजण्यासाठी केंब्रिजमध्ये एच. ए. विल्सन यांनी १९०३ मध्ये धातूच्या दोन आडव्या चकत्यांमध्ये भारित जलबिंदूंचा ढग तयार केला आणि त्याचा वरचा काठ विद्युतक्षेत्र नसताना व असताना किती वेगाने खाली येतो, हे मोजले. कल्पना उत्तम होती. परंतु पाण्याची वाफ होऊन थेंब लहान होत जात आणि हाती येई ती असंख्य थेंबांची सरासरी.

शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांनी १९०९ पासून सहजासहजी न उडणारे तेल वापरले. वरच्या चकतीच्या बारीक छिद्रातून उतरलेला एकच थेंब छोट्या दुर्बिणीतून लखलखत्या ठिपक्यासारखा दिसे आणि क्षेत्र चालू-बंद करून तोच थेंब पुनःपुन्हा वर-खाली नेता येई. मध्येच त्याचा वेग एकदम बदले, तेव्हा त्याने हवेतील आयन (विद्युतभारित कण) पकडलेला असे. आणि भारातील असा प्रत्येक बदल एकाच मूल्याच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भाराच्या, पूर्ण पटीत निघे. माझ्या मते या पद्धतीचे खरे श्रेष्ठत्व इथेच आहे, कारण ढगाच्या सरासरीतून हे कधीच सिद्ध झाले नसते. मिलिकन यांचे १९१३ चे मूल्य आजच्या मूल्यापेक्षा सुमारे ०.६ टक्के कमी भरते, आणि ती तूट प्रामुख्याने हवेची श्यानता (थेंबाच्या हालचालीला विरोध करणारा हवेचा गुणधर्म) किंचित कमी धरल्यामुळे राहिली.