एकच विरहगीत: टाउन हॉलमधलं की नॅशव्हिलमधलं?

'टुमॉरो इज अ लाँग टाइम' हे अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं अगदी सुरुवातीचं गाणं, पण त्या काळातल्या त्याच्या एकाही अल्बममध्ये ते सापडत नाही. १२ एप्रिल १९६३ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तो ते गायला. ते ध्वनिमुद्रण बाहेर आलं थेट १९७१ मध्ये, 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या दुसऱ्या संचात. एकवीस वर्षांचा पोरगा, एक गिटार, जेमतेम तीन मिनिटं. शब्द संपता संपता आवाज हलकेच खाली बसतो, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं.

एल्व्हिस प्रेस्लीने ते मे १९६६ मध्ये नॅशव्हिलला गायलं. चाल घेतली लोकगायिका ओडेटाच्या १९६५ च्या रेकॉर्डवरून (ती रेकॉर्डही जरूर ऐका). पाच मिनिटांहून मोठं, संथ, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. एवढं सुंदर गाणं 'स्पिनआउट' या चित्रपटाच्या रेकॉर्डवर भरतीला टाकलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्या गाण्यांच्या इतरांनी केलेल्या मुद्रणांत हेच सर्वांत मोलाचं, असं खुद्द डिलनने १९६९ मध्ये सांगितलं. तरी मी टाउन हॉलकडेच वळतो. एल्व्हिस विरह आठवतो. डिलन त्यात अजून उभा आहे.