डेटाबेसच्या व्हीएमचा बॅकअप: स्नॅपशॉट, आतून, की रेप्लिकावरून?

बॅकअपमुळे व्हीएमवरचा (व्हर्च्युअल मशीनवरचा) डेटाबेस स्लो होतो अशी तक्रार आली की मी आधी वेळ विचारतो. बॅकअप चालू असताना अडखळतो, की संपताना? निम्मी निवड त्या उत्तरातच होते.

संपताना अडखळत असेल तर संशय स्नॅपशॉटवर. स्नॅपशॉट म्हणजे डिस्क त्या क्षणी जशी आहे तशी धरून ठेवणं. अख्ख्या व्हीएमचा स्नॅपशॉट-बॅकअप सोयीचा खराच: आत एजंट (बॅकअपचं सॉफ्टवेअर) नको, रिस्टोअर केलं की मशीनच उभं, आणि बदललेले ब्लॉकच वाचायचे म्हणून लवकर उरकतो. पण स्नॅपशॉट उघडा असेपर्यंत व्हीएमवेअरमध्ये (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नवं सगळं डेल्टा डिस्कवर, म्हणजे तात्पुरत्या वेगळ्या फाइलमध्ये, लिहिलं जातं आणि नंतर ते मूळ डिस्कमध्ये मिसळावं लागतं. राइट जितके जास्त, तितकं हे लांबतं, आणि शेवटी मशीन थोडा वेळ थिजतं. याला स्टन म्हणतात. वेब सर्व्हरला तो जाणवतही नाही. क्लस्टरमधल्या (एकमेकांची जागा घेणाऱ्या मशीनच्या गटातल्या) एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला मात्र महागात पडतो: विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्ये एकाच सबनेटवरचे (नेटवर्कच्या एकाच भागातले) हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ हे इशारे, साधारण ५ सेकंद चुकले की नोड (गटातलं ते मशीन) मेला असं धरलं जातं (२०१६ मध्ये डिफॉल्ट १०). मग रात्री दोनला फेलओव्हर (काम दुसऱ्या मशीनकडे जाणं), आणि सकाळी बोलणी नेटवर्कवाल्याला. एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये ‘आय/ओ फ्रोझन’ (स्नॅपशॉटसाठी लिहिणं थांबवलं) आणि ‘रिझ्यूम्ड’ (परत सुरू झालं) या दोन नोंदींमधलं अंतर बघा. ते सेकंदभराचं असेल तर फ्रीझ निर्दोष. मग स्नॅपशॉट काढून टाकण्याची वेळ तपासा.

आणखी एक खोड: बॅकअपच्या टूलने व्हीएसएसमधून (विंडोजच्या स्नॅपशॉट सेवेतून) कॉपी-ओन्ली, म्हणजे बाकी बॅकअपना धक्का न लावणारा पर्याय, न लावता फुल बॅकअप घेतला, तर डिफरन्शियलचा (शेवटच्या फुलनंतरचे बदलच घेणाऱ्या बॅकअपचा) पाया बदलतो. हे नेमकं रिस्टोअरच्या दिवशी कळतं.

डेटाबेसच्या स्वतःच्या कमांडने आतून बॅकअप घेतला तर हा स्टन नाही. लोड जास्त वेळ राहतो, म्हणजे अडखळलाच तर बॅकअप चालू असताना, पण लगाम आपल्या हातात असतो. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी-बेसबॅकअप या बॅकअप कमांडला मॅक्स-रेट (वेगमर्यादा) देता येतो, शिवाय त्याचा चेकपॉइंट (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवणं) डिफॉल्टने पसरूनच होतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉम्प्रेशन लावलं की लिहायचा डेटा घटतो, सीपीयू वाढतो; दोन-चार व्हीसीपीयूंच्या (व्हीएमला दिलेल्या सीपीयूंच्या) मशीनवर ते जपून. बॅकअपची फाइल त्याच डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क जिथे आहेत त्या स्टोरेजवर) टाकत असाल तर मात्र वरची सगळी मेहनत पाण्यात.

रेप्लिकावरून (डेटाबेसच्या सतत अपडेट होणाऱ्या दुसऱ्या प्रतीवरून) घेणं प्रायमरीला, म्हणजे मुख्य डेटाबेसला, सगळ्यात हलकं. पोस्टग्रेसमध्ये ९.२ पासून स्टँडबायवरून (रेप्लिकावरून) बेसबॅकअप घेता येतो. एसक्यूएल सर्व्हरच्या ऑलवेज ऑन या सोयीतल्या सेकंडरीवर (रेप्लिकावर), २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत, कॉपी-ओन्ली फुल आणि लॉग (बदलांच्या नोंदींचे) बॅकअप चालतात, डिफरन्शियल नाही. रेप्लिका मागे पडली असेल तर बॅकअपही तेवढाच शिळा. आणि दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर (प्रत्यक्ष सर्व्हरवर), एकाच स्टोरेजवर असतील तर ओझं फक्त या खिशातून त्या खिशात गेलं. दोन्ही वेगळ्या ठेवणारे अँटी-अ‍ॅफिनिटी नियम आधी लावा.

रेप्लिका आधीच असेल तर मी तिसरा मार्ग धरेन. केवळ बॅकअपसाठी ती उभी करणार नाही. लहान, रात्री निवांत असणाऱ्या डेटाबेसला स्नॅपशॉट पुरतो. बाकी सगळीकडे मिश्रण: ओएसच्या डिस्कचा इमेज (स्नॅपशॉटवरून अख्ख्या डिस्कचा) बॅकअप, डेटा आणि लॉगच्या डिस्क इंडिपेंडंट-पर्सिस्टंट (व्हीएमवेअरमधली डिस्कची सेटिंग) करून स्नॅपशॉटबाहेर, त्यांचा बॅकअप आतून. मात्र ही सेटिंग बदलण्याआधी आतला जॉब चालू करा आणि एक रिस्टोअर करून बघा, नाहीतर मधल्या रात्रींचा डेटा कुठेच नसतो.