एकट्यानं मराठवाडा फिरायचाय? म्हैसमाळ का देवगिरी, मकबरा का लेणी, अजिंठा का वेरूळ

थंडी पडली की सगळ्यांना फिरायचं सुचतंय, आणि हल्ली तर जो तो सोलो जायचं म्हणतोय. मग रील बघून जागा ठरते आणि तिथं पोचल्यावर माणूस म्हणतो, बस, एवढंच? आता जागा काय वाईट नसते हो, पण चार मित्र बरोबर असले की अर्धी मजा गाडीत आणि खाण्यातच असते, एकट्याला मात्र ती जागाच पुरली पाहिजे. म्हणून माझं म्हणणं, दोनच गोष्टी बघा. एक, तिथं जायला-यायला एसटी नायतर काळीपिवळी मिळतेय का, कारण स्पेशल गाडी केली की अख्खं भाडं आपल्याच बोकांडी. आणि दोन, तिथं दोन-तीन तास रमावं असं काही आहे का नुसता एक पॉइंट आहे फोटो काढायला.

आता म्हैसमाळ घ्या. मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात, उंची १,०६७ मीटर, खुलताबादच्या पुढं दहा-बारा किलोमीटर. पावसाळ्यात ढग खाली उतरलेले, सगळं हिरवंगार, खोटं कशाला बोलू, छान असतं. पण त्याच दिवसांत रविवारी अर्धं संभाजीनगर तिथं असतंय, गाड्यांची रांग, भाजलेल्या कणसांचा धूर, आणि जो तो आपापल्या घोळक्यात. गिरिजादेवीचं दर्शन घेतलं, बालाजी मंदिर बघितलं, दरीकडं तोंड करून उभं राहिलं, झालं, तासाभरात संपलं. पुढं काय करायचं ते एकट्याला कळत नाही आणि खाली यायला गाडीची वाट बघत बसावं लागतं ते वेगळंच. स्वतःची बाईक असेल तर घाटाच्या रस्त्यासाठी जरूर जा, एसटीच्या भरवशावर नको. एप्रिल-मेमधे तर हिल स्टेशन म्हणून अजिबातच नको, सगळं गवत वाळून गेलेलं असतंय आणि ऊन काही सोडत नाही.

त्याच्या तुलनेत देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला. संभाजीनगर शहरापासून पंधराएक किलोमीटर, वेरूळच्या रस्त्यावरच, एसटी किल्ल्यापाशी सोडते. यादवांची राजधानी, मग १३२७ मधे मुहम्मद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथंच हलवली, एवढं शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण ही जागा का निवडली ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूनं उभा तासून काढलाय, खडकातच खंदक खणलाय, वर जायला एकच वाट आणि ती पण अंधारीतून, म्हणजे काळोख्या बोगद्यातून. चांद मिनार, चिनी महाल जिथं गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह अबुल हसन कैदेत होता, मेंढा तोफ, आणि वर बारादरी. इथं ग्रुप असला की कोणतरी दमतंय, कोणतरी घाई करतंय, एकटं असलं की आपल्या चालीनं चढता येतं, पाहिजे तिथं टेकता येतं. फक्त अंधारीत एकट्यानं घुसू नका, खरंच अंधार असतो आणि वटवाघळं असतात, एखादी फॅमिली चालली असेल तर त्यांच्या मागं जा आणि मोबाईलला चार्जिंग ठेवा. पाणी खालूनच घेऊन चढायचं.

बीबी का मकबऱ्याला काही बोललं की लोक चिडतात, पण मला वाटतं एकट्याचा सगळ्यात जास्त हिरमोड तिथंच होतो, आणि त्यात मकबऱ्याचा काही दोष नाही, दख्खनचा ताज हे नाव त्याला नडतं. औरंगजेबाची बायको दिलरस बानू १६५७ मधे गेली, तिची ही कबर, आणि ताजवाल्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला यानं ही बांधली. पैसा मात्र ताजच्या मानानं फारच कमी, म्हणून संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकी सगळं चुन्याचं गिलाव्याचं काम. ताज डोक्यात ठेवून गेलात की पोपडे दिसतात, ते काढून गेलात की त्याच गिलाव्यावरची नक्षी दिसते. तरीपण बघायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि बागेत बाकी सगळे जोडीनं नायतर सहलीच्या पोरांबरोबर.

मकबऱ्याच्या मागं डोंगरात दोन-तीन किलोमीटरवर औरंगाबाद लेणी आहेत, तिकडं पर्यटक फिरकत नाहीत म्हटलं तरी चालेल. बौद्ध लेणी, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढं गुडघे टेकून बसलेले भक्त आहेत, त्यांचे चेहरे, केसांच्या रचना बघत राहावं. सातव्यात संकटातून सोडवणारा बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचा) अवलोकितेश्वर आणि आत गाभाऱ्यात एक नाचणारी बाई, आजूबाजूला वादक बायका, वेरूळला गर्दीत जे निवांत बघायला मिळत नाही ते इथं मिळतं. अडचण एकच, रिक्षावाला सोडून गेला की परतीला रिक्षा मिळत नाही, म्हणून जायचं-यायचं बोलून त्यालाच थांबवून ठेवा. बायकांनी एकटं जायचं असेल तर सकाळी, उजेडात, संध्याकाळी सुनसान असतं. शांतता आणि सुनसान यात फार थोडा फरक असतो आणि तो वेळेवर ठरतो.

आता अजिंठा का वेरूळ. हा प्रश्न सगळेच विचारायलेत आणि दोन्हीकडं जा हे उत्तर फुकटचं आहे, कारण सुट्टी तेवढी नसते. कलेच्या बाबतीत अजिंठ्याला ओव्हररेटेड म्हणायची माझी छाती नाही. पण एकट्या माणसाला निराश करायची ताकद अजिंठ्यात जास्त आहे. एकतर शंभर किलोमीटर लांब, जळगाव रस्त्यावर फाट्याला उतरायचं, तिथून चारेक किलोमीटर वेगळी बस, मग चढ. आत लेण्यात अंधुक उजेड, फ्लॅश बंद, चित्रं बघायची तर डोळे सरावायला वेळ लागतो आणि मागून गर्दी ढकलत असते. आणि मुख्य म्हणजे गोष्ट माहीत नसेल तर सगळी भिंत एकसारखी तपकिरी दिसते. गाइड करायचा तर त्याची फी चार जणांत वाटली जात नाही. म्हणून जायचंच असेल तर आदल्या रात्री थोडं वाचून जा, १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक (जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट), सहा सुळ्यांच्या हत्तीचं षड्दंत जातक, सिंहलाची गोष्ट, १६ मधे ती मूर्च्छित राजकन्या, १ मधे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. एवढं डोक्यात असलं की एकटं असणं उलट फायद्याचं, एका भिंतीपुढं अर्धा तास घालवला तरी कोणी चल चल करत नाही. जमलं तर फर्दापूरला मुक्काम करून सकाळी उघडल्या उघडल्या आत जा.

वेरूळचं तसं नाही. काही न वाचता गेलात तरी कैलास समोर आला की माणूस गप्प होतो, वरून खाली कोरत आणलेलं अख्खं मंदिर, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठवं शतक. एकूण ३४ लेणी, बौद्ध १ ते १२, हिंदू १३ ते २९, जैन ३० ते ३४, म्हणजे एकाच डोंगराच्या कडेनं तिन्ही धर्म चालत चालत बघता येतात. बहुतेक लोक कैलासात फोटो काढून परत फिरतात, त्यामुळं दहावं विश्वकर्मा, तीन मजली तीन ताल, लांबच्या टोकाची जैन लेणी बऱ्यापैकी मोकळी असतात, तीच एकट्यासाठी खरी. घृष्णेश्वर तिथंच जवळ, फक्त श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला त्या बाजूला फिरकू नका.

पैठणचं थोडक्यात सांगायचं तर बागेसाठी जाऊ नका. कारंजी चालू आहेत का ते आधी फोन करून विचारा आणि चालू असली तरी ते पोराबाळांचं काम. नाथांची समाधी, पैठणी विणणारे माग, आणि हिवाळ्यात जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर पक्षी, दुर्बीण असेल तर दिवस जातो.

दक्षिणेकडच्यांना, म्हणजे लातूर-धाराशिववाल्यांना, नळदुर्गची रील येतच असणार, ते नर-मादी धबधबे. धरणावरून पाणी वाहत असेल तेव्हाच ते दिसतात हे रील सांगत नाही, जानेवारीत गेलात तर कोरडी भिंत. किल्ला मात्र दणकट आहे, पाणीमहाल, उपळी बुरूज, आणि सोलापूर-हैदराबाद हायवेवर असल्यानं एसटीला तोटा नाही, तेव्हा धबधबा विसरून जा. पण घरून पहिल्यांदाच एकटं निघायचं असेल तर मी नांदेड सांगेन. सचखंड हजूर साहिब, गुरू गोविंदसिंगजींची १७०८ मधली शेवटची जागा, रेल्वेनं थेट पोचता येतं, यात्री निवासात खोलीचं विचारता येतं आणि लंगरमधे पंगतीत बसलं की शेजारचा पंजाबातून आलेला असतो, एकट्यानं हॉटेलात जेवायचं अवघडलेपण तिथं नसतंच.

सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, हे न बघता तिकीट काढणारे अजूनही भेटतात. एकच दिवस हातात असेल तर सकाळी गारव्यात देवगिरी चढून घ्या, तिथूनच पुढची गाडी पकडून दुपारी वेरूळ, लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत त्यामुळं दुपारनंतरचं ऊन थेट दगडावर येतं. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता ते उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून ठेवा.