सक्ती की सूचना? साथीच्या काळात कुठल्या बाजूने उभं राहायचं

कोविडमध्ये दोन टोकं सगळ्यांनी बघितली. एकीकडे घरात बसा, बाहेर दिसलात तर दंड, आणि दुसरीकडे आम्ही सांगायचं काम करतो, पाळायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुढची साथ आली की मतदार म्हणून किंवा एखादी संस्था चालवताना यातलं काहीतरी निवडावं लागणारच, आणि तेव्हा डोकं शांत नसतं म्हणून आत्ताच दोन्ही शेजारी ठेवून बघू.

सक्तीचं उदाहरण न्यूझीलंड. 19 मार्च 2020 ला परदेशी लोकांसाठी सीमा बंद, 25 तारखेच्या रात्री कडक लॉकडाऊन, आणि 8 जूनच्या मध्यरात्री देशातले जवळपास सगळे निर्बंध उठले. अडीच महिने त्रास काढला आणि नंतर, मधूनमधून साथ परत आली तेवढा काळ सोडला तर, लोक बराच काळ मोकळेपणाने फिरले जेव्हा बाकी जग अडकलेलं होतं, म्हणजे सक्तीने स्वातंत्र्य जातंच असं नाही, लवकर केली तर ती ते परतही देते. पण किंमत त्यांच्याच परदेशात असलेल्या लोकांनी मोजली. परत येताना आधी क्वारंटाइन हॉटेलात राहायची सक्ती, तिथल्या खोल्या कमी, मग लॉटरीसारखी पद्धत, आणि नंबर लागला नाही तर स्वतःच्या देशात जाता येत नाही! 2022 मध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की काही लोकांच्या बाबतीत हा त्यांच्या हक्काचा भंग होता. त्याआधी 2020 मध्ये त्याच कोर्टाने म्हटलं होतं की लॉकडाऊनच्या पहिल्या नऊ दिवसांची घरात बसायची सक्ती गरजेची होती पण तिला कायद्याचा नीट आधार नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण निर्बंध बरोबर असणं आणि ते कायदेशीर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घाईत दुसरी विसरली जाते.

दुसरी बाजू स्वीडन. तिथे काहीच नियम नव्हते असं लोक ठोकून देतात ते चूक आहे, 50 पेक्षा जास्त लोकांच्या जाहीर कार्यक्रमांना बंदी होती, 1 एप्रिल 2020 पासून वृद्धाश्रमात भेटी बंद होत्या. पण लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या आणि बाकी बराचसा भर सल्ल्यावर. पहिल्या लाटेत शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा तिथे लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त माणसं गेली, खूपशी वृद्धाश्रमातली. आणि 2020 ते 2022 अशी तीन वर्षं एकत्र धरली तर युरोपात नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू कमी असलेल्या देशांत स्वीडन येतो. दोन्ही बाजूचे लोक यातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग सांगतात. त्यांच्या चौकशी आयोगाने मात्र दोन्ही म्हटलं, सल्ल्याचा मार्ग मुळात बरोबर होता पण सुरुवातीला पावलं उशिरा आणि कमी पडली, म्हाताऱ्यांना वाचवता आलं नाही.

आणि एक गोष्ट, तिथे आजारपणाच्या रजेचा पहिला दिवस बिनपगारी असतो, मार्च 2020 पासून सरकारने तो भरून दिला. खोकला आला तर घरी राहा हे सांगणं सोपं आहे पण पगार कापला जाणार असेल तर माणूस जाणारच ना कामावर? मेरी मॅलन आठवा, टायफॉइडची वाहक असलेली न्यूयॉर्कची स्वयंपाकीण, स्वतः ठणठणीत. 1907 ला पकडून एकटं ठेवलं, 1910 ला स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं, मग कपडे धुवायचं काम, त्यात पैसे कमी, शेवटी ती परत स्वयंपाकाकडे वळली, लोक आजारी पडले, आणि 1915 पासून 1938 ला मरेपर्यंत तिला बेटावर ठेवलं. पोट कसं भरेल हा प्रश्न सुटला नाही की सक्ती पण फसते आणि सल्ला पण.

माहितीचं थोडक्यात, सिंगापूरने संपर्क शोधायचं अ‍ॅप फक्त त्यासाठीच वापरू म्हटलं होतं, जानेवारी 2021 मध्ये कळलं की पोलिसांनाही तो डेटा मिळू शकतो, मग कायदा करून वापर गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवला. ही मर्यादा आधी लिहून घ्यायची असते.

माझं मत विचाराल तर आजार नवीन आहे, औषध नाही, कसा पसरतो तेही कळलेलं नाही, तेव्हा लवकर आणि थोड्या दिवसांची सक्ती, कायद्यात बसवून, संपायची तारीख पहिल्याच दिवशी लिहून, घरी बसणाऱ्याला पैसे देऊन. लस आली, माहिती आली की सल्ल्यावर यायचं, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला दवाखान्यात सुरक्षित जाता यावं म्हणून तिथला मास्क सगळ्यात शेवटी काढायचा, कारण बाहेर पडायचं स्वातंत्र्य त्यालाही आहे.

एका निर्बंधाला मात्र मी कधीच हो म्हणणार नाही, मरणाऱ्या माणसाला कोणीच भेटायचं नाही हा. माझी आत्या गेली तेव्हा आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो, तिला ऐकू येत होतं की नाही माहीत नाही. एका माणसाला किट घालून दहा मिनिटं आत सोडलं असतं आणि नंतर चौदा दिवस एकटं राहा म्हणून सांगितलं असतं तर मी ते चौदा दिवस आनंदाने राहिले असते.