जीवामृत की गांडूळखत? ड्रिपवरच्या बागेसाठी माझा कौल

पुण्यात नोकरी आणि सासवडकडे एक-दोन एकर जमीन, अशी बरीच मंडळी रासायनिक खत बंद करायचं ठरवतात आणि पहिल्याच प्रश्नाला अडतात: शेण-गोमूत्र आंबवून होणारं पातळ जीवामृत करायचं की गांडूळखत? मी दोन्ही करून पाहिलं आहे. बाग दिवे घाटाच्या पलीकडे, दोन एकर, मुरमाड रान, अंजीर आणि सीताफळ, सगळं ड्रिपवर, म्हणजे ठिबकवर. ड्रिपवर आहे हे ध्यानात ठेवा, माझा निकाल तिथेच लागला.

जीवामृताची कृती नव्याने सांगायला नको. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ४८ तास, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवडाभरात संपवायचं. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर यांनी ते घरोघरी पोचवलं, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. एकरी खर्च बघितला तर गूळ आणि बेसनाचा, बाकी गोठ्यातलंच. परिणामही दिसतो. विहिरीजवळ मेथी आणि पालकाचे वाफे आहेत, तिथे पाटाच्या पाण्याबरोबर बारीक धारेने सोडायचो. दोन-तीन पाळ्यांत पानाचा रंग बदलला आणि पाचटाखालची माती बोटाने उकरता येऊ लागली. मोजमाप केलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

मग मी तेच ड्रिपमधून द्यायला गेलो.

आधी फडक्याने गाळलं, मग दुहेरी फडक्याने, मग एक रात्र निवळत ठेवून वरचं पाणी घेतलं. तरी जाळीच्या फिल्टरवर दर वेळी तपकिरी साय धरायची. हाताला बुळबुळीत लागायची आणि तिच्यात शेणातले तंतू अडकलेले असायचे. फिल्टर धुऊन निघतो हो, लॅटरलमध्ये, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीत, गेलेलं निघत नाही. गूळ आणि बेसन जंतूंचं खाद्य आहे, ते नळीत गेलं की जंतू नळीतच वाढतात. फेब्रुवारीत अंजिराचा मीठा बहर, म्हणजे उन्हाळ्यात निघणारी फळं, फुगायला लागला तेव्हा एका ओळीतल्या सात-आठ झाडांची पानं दुपारी माना टाकू लागली. नळीच्या टोकाची टोपी काढली तर आधी काहीच आलं नाही, मग शेवाळासारखा एक लोळ बाहेर पडला. मधले ड्रीपर टपकतही नव्हते. अंजिराला पाणी कमी-जास्त झालं की फळ तडकतं. त्या ओळीतली निम्मी फळं बाजारात न्यायच्या लायकीची राहिली नाहीत.

यावरचा इलाज काय, तर नळ्यांमधून आम्ल किंवा क्लोरीन सोडणं. म्हणजे ज्या जंतूंसाठी आठवडाभर टाकी सांभाळली, त्यांनाच मारणारं औषध त्याच नळीतून द्यायचं. हे मला पटेना. मगाने प्रत्येक झाडाच्या बुडाशी घालायचं म्हटलं तर दर पंधरा दिवसांनी दोन माणसांचा अख्खा दिवस जातो, आणि भाजीच्या हंगामात आमच्याकडे माणसं मिळत नाहीत. फार बारीक गाळून ड्रिपमधून व्यवस्थित चालवणारे शेतकरीही आहेत, त्यांची पद्धत मला जमली नाही एवढंच म्हणतो.

गांडूळखताला कटकट नाही असं नाही. पहिला बेड, म्हणजे गांडुळं सोडायचा वाफा, मी घाईत ताज्या शेणाने भरला. दुसऱ्या दिवशी हात घातला तर आत चटका बसला, गांडुळं कडेला गोळा होऊन मेली होती. तेव्हापासून शेण पंधरा-वीस दिवस पसरून, पाणी मारून थंड करतो आणि मगच भरतो. मुंग्या येतात, म्हणून बेडभोवती पाण्याची अरुंद चर ठेवली आहे. एप्रिल-मेमध्ये वर ओलं बारदान आणि सावली नसेल तर बेड हातचा गेला समजा. शेण विकत घ्यावं लागतं, गोण्या उचलून कंबर धरते.

पण त्याची घाई नसते. तयार व्हायला ४५ ते ६० दिवस, मध्ये एक दिवस पाणी चुकलं तर बारदान सांभाळून घेतं. खत काढायच्या आधी चार-पाच दिवस पाणी बंद करायचं, म्हणजे गांडुळं खाली ओलीला जातात आणि वरचं चहापत्तीसारखं दाणेदार खत हाताने ओढून घेता येतं. १२ बाय ४ फुटांच्या बेडमधून मला दहा-बारा गोण्या मिळतात. सावलीत, थोडी ओल राखून ठेवलं की काही महिने टिकतं. बहर धरताना झाडाच्या घेरात चर काढायची, तीन-चार किलो घालायचं, माती आणि पाचट ओढायचं, काम झालं. ड्रिपमधून फक्त पाणी जातं.

पाळेकरांचा गांडूळखताला विरोध आहे हे मला माहीत आहे. बेडमध्ये वाढतं ते आयसेनिया फेटिडा शेणात आणि पालापाचोळ्यात राहणारं गांडूळ, ते रानात खोल बिळं करत नाही. आपली देशी गांडुळं हवी असतील तर जमिनीवर पाल्याचं आच्छादनच लागतं, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून छाटणीचा पाला मी आता जाळत नाही, झाडाखालीच पसरतो.

तुमच्या दारात देशी गाय असेल, तुम्ही शेतावरच राहत असाल आणि पाणी पाटाने देत असाल, तर जीवामृत करा. मी तुम्हाला बेड भरायला सांगणार नाही. भाजीपाल्याला तर ते फार चांगलं. पण शनिवारी-रविवारी हडपसरहून घाट चढून येणार असाल आणि फळबाग ड्रिपवर असेल, तर माझ्या मते गांडूळखताकडे झुकावं. विकत घेताना गोणीत हात घालून बघा, शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

माझ्याकडे अजूनही एक टाकी ढवळली जाते, फक्त विहिरीजवळच्या वाफ्यांसाठी. बेड भरायचाच असेल तर दिवाळीनंतर लगेच भरा. थंडीत गांडुळं रुळतात आणि उन्हाळा लागेपर्यंत एक काढणी हातात येते.