पॉइंट्सवरची ‘फुकट’ रात्र की रोख पैसे? कुठे काय परवडतं

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात हॉटेलच्या पॉइंट्सचा विषय आला तो पोरांमुळे. पोरगा हैदराबादला, नाहीतर पोरगी डॅलसला. कंपनीच्या कामानं हॉटेलात राहून राहून त्यांच्या खात्यावर हॉटेलवाले बक्षीस म्हणून देतात ते पॉइंट साठतात आणि एक दिवस घरी फोन येतो, “बाबा, नागपूरला जाताय ना, रूम फुकट करून देतो.” मी बुकिंगच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे पुढचा प्रश्न माझ्याकडे येतो: खरंच फुकट असते का?

भाडं फुकट असतं. बाकीचं कोण भरणार, ते हॉटेलची कंपनी कोणती आणि गाव कोणतं यावर ठरतं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. इथे मात्र गोठ्यात आणायच्या आधीच मोजलेले बरे.

नागपूरची एक रात्र

आपल्याकडचे बहुतेक लोक नागपूरला मुक्काम करतात ते दवाखान्यासाठी, लग्नासाठी किंवा पहाटेच्या विमानासाठी. वर्धा रोडवर मोठ्या साखळ्यांची, म्हणजे एकाच कंपनीच्या नावानं गावोगावी चालणारी हॉटेलं आहेत, मॅरियटच्या साखळीतलं ल मेरिडियन आहे, रॅडिसन ब्लू आहे. पॉइंट्सवर खोली घेतली तर भाडं आणि त्यावरचा कर सहसा पॉइंट्समध्येच भागतो. बिल येतं ते त्याच्या बाहेरचं.

असं एक बिल माझ्या टेबलावर बराच वेळ पडून होतं. वरुडकडचे एक संत्रा बागायतदार, बायको आणि नातवाला घेऊन एक रात्र राहिलेले. खोलीच्या ओळीत शून्य. त्याखाली दोघांचा नाश्ता १,६०० रुपये, नातवासाठी जादा गादी १,५०० आणि मिनिबारमधलं, म्हणजे खोलीत विकायला ठेवलेल्या खाण्यापिण्यातलं, काजूचं पाकीट ३५०. कर धरून आकडा चार हजारांच्या घरात. “रूम फुकट होती ना बापा, मंग हे कायचे पैसे होय?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हॉटेलचंही नव्हतं. नाश्ता पॉइंट्सच्या बुकिंगमध्ये नव्हता, बुकिंग दोघांचं होतं आणि काजू फ्रिजशेजारी असे मांडलेले असतात की कोणालाही आपलेच वाटावेत.

यात एक बारकी गोष्ट आहे, ती पोरांनाही माहीत नसते. पोरगा त्या साखळीचा वरच्या दर्जाचा, म्हणजे गोल्ड किंवा प्लॅटिनम मेंबर असला की काही साखळ्यांत त्याला नाश्ता फुकट मिळतो, म्हणून तो फोनवर छातीठोकपणे सांगतो, “नाश्ता आहेच.” पण ती सवलत मेंबर स्वतः त्या खोलीत उतरला तरच लागू होते. आईवडील एकटे गेले की ते साधे पाहुणे. हयात या साखळीच्या योजनेत ‘गेस्ट ऑफ ऑनर’ नावाची वेगळी सोय आहे, तिच्यात वरच्या दर्जाचे फायदे दुसऱ्याला देता येतात. मॅरियट आणि हिल्टन या साखळ्यांत तसं गृहीत धरू नका.

आता रोख पैशाची बाजू बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला, आधी तो १२ होता. ७,५०० च्या वर १८ टक्के कायम आहे. म्हणजे ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकावर बाराशेचा फटका. त्यामुळे नागपुरात, लग्नाच्या तिथी सोडल्या तर, या रेषेच्या खालची नाश्त्यासकट खोली रोखीनं घेणं मला जास्त पटतं. पॉइंट तिथे वापरावेत जिथे भाडं अंगावर येतं.

कार्डावरच्या फुकट रात्रीचा हिशोबही इथेच करून टाकू. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड २०२३ मध्ये आलं. वार्षिक फी ३,००० रुपये, जीएसटी धरून ३,५४०, आणि तिच्यासोबत १५,००० पॉइंटपर्यंतची एक रात्र. समजा ती नागपुरात वापरली आणि नाश्ता वेगळा घेतला: १,६०० वर १८ टक्के कर धरला तर १,८८८. एकूण ५,४२८. तीच खोली नाश्त्यासकट ६,५०० ला मिळत असेल तर करासह ६,८२५. वाचले चौदाशे. वाईट नाही, पण ‘फुकट’ म्हणायला जीभ अडखळते. वरून त्या तारखेचा भाव १५,००० पॉइंटच्या आसपास हवा, कारण मॅरियटनं २०२२ पासून पॉइंटच्या भावांचा ठरावीक तक्ता काढून टाकला आणि पॉइंटचे भाव आता मागणीप्रमाणे वरखाली होतात. दुसरीकडे, हीच रात्र मुंबईत बारा-तेरा हजाराच्या खोलीवर बसवता आली तर कार्डाची फी सरळ वसूल होते.

ताडोबा आणि मेळघाटासाठी हा सगळा खटाटोप सोडा. मोहर्ली, कोलारा, चिखलदरा, सेमाडोह इकडे एमटीडीसी, वनविभागाची विश्रामगृहं किंवा खाजगी रिसॉर्ट असतात. सफारीचे पैसे तसेही वेगळे. साखळीचे पॉइंट तिथे सहसा कामाचे नाहीत.

पोरीकडे अमेरिकेला गेल्यावर

खरा फरक इथे दिसतो. अमेरिकेत लास वेगास, हवाई, फ्लोरिडा अशा ठिकाणी भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ लावतात. शहरात तिलाच ‘डेस्टिनेशन फी’ म्हणतात. वायफाय, जिम, पोहण्याचा तलाव यांच्या नावावर, तुम्ही पाण्यात पाय घाला वा न घाला. वेगासमध्ये रात्रीला ४०-५० डॉलर ही नेहमीची गोष्ट. तीन रात्रींचे ४५ च्या दरानं १३५ डॉलर, म्हणजे बारा हजार रुपयांच्या आसपास, वर तिथला कर.

पॉइंट्सवर राहिलात तर हयात ही फी माफ करतं. हिल्टनही करतं, पण पूर्ण रक्कम पॉइंट्समध्ये असेल तरच. थोडे पॉइंट, थोडे डॉलर असं मिसळलं की फी परत आली. हयातमध्येही मिश्र बुकिंगला ही माफी धरून चालू नका. मॅरियट आणि आयएचजी या साखळ्या मात्र पॉइंट्सवरच्या रात्रीलाही ही फी साधारणपणे घेतात. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू आहे: सक्तीची फी धरून एकूण किंमत आधीच दाखवायची. दाखवायची, एवढंच. फी बंद झालेली नाही.

म्हणून पोरीच्या खात्यात मॅरियट आणि हिल्टन दोन्हीचे पॉइंट असतील आणि वेगास ठरलं असेल, तर माझं मत सरळ हिल्टनला. मॅरियटचे पॉइंट फी नसलेल्या साध्या शहरी हॉटेलात घालवा. पाच रात्रींचा मुक्काम असला तर मॅरियटमध्ये एका रात्रीचे पॉइंट वाचतात, आणि हिल्टनमध्येही, पण तिथे मेंबर किमान सिल्व्हर लागतो. पार्किंगचं विसरू नका. गाडी घेऊन डाउनटाउनमध्ये उतरलात तर त्याचे डॉलर वेगळे. हयात पॉइंट्सच्या मुक्कामाला पार्किंग माफ करतं ते फक्त सगळ्यात वरच्या, ग्लोबलिस्ट दर्जाला.

दुबई आणि मालदीव

दुबईत ‘टुरिझम दिरहम’ नावाचा कर असतो, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहम. पॉइंट्सवर असलात तरी काउंटरवर भरावा लागतो. पंचतारांकितमध्ये चार रात्रींचे ८० दिरहम, दोन हजार रुपयांच्या आसपास. ठाऊक असला की त्रास नाही. मलेशियाचंही तसंच, परदेशी पाहुण्याला खोलीमागे रात्रीला १० रिंगिट.

मालदीव वेगळं प्रकरण आहे. नवीन लग्न झालेली जोडपी मोबाईलवर निळं पाणी बघून येतात आणि सांगतात, “दादाच्या पॉइंट्सवर चार रात्री मिळतायत.” मिळतात. पण १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यावरणाच्या नावाचा कर, माणशी रात्रीला १२ डॉलर झाला. दोघांचे चार रात्रींचे ९६. तोही सोसेल. बेटावर पोचायला सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) किंवा स्पीडबोट लागते, ती रिसॉर्टच ठरवतं आणि सी-प्लेनच्या जाण्यायेण्याला माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज लागतात. शिवाय बेटावर जेवायला दुसरं हॉटेल नाही. पॉइंट्सची रात्र घेण्याआधी त्या रिसॉर्टचा ट्रान्सफरचा, म्हणजे बेटावर ने-आण करण्याचा, दर बघा. तो बघून अर्धी जोडपी अंदमानचं विचारतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

सवलतीचे पॉइंट आणि लकी ड्रॉचं व्हाउचर

काही योजनांत रात्र मिळत नाही, बिलातून पैसे वजा होतात. अकॉर या हॉटेल साखळीचे २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो. टाटाच्या योजनेतलं एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. मोठं घबाड हाती लागत नाही, पण बिल समोर असतं आणि त्यातून किती कमी झालं ते दिसतं. वयस्क आईवडिलांना एकटं पाठवायचं असेल तर मी हाच प्रकार सुचवतो.

पेट्रोल पंपावर चिठ्ठी भरून, मग हॉलमध्ये बसवून हातात दिलेल्या ‘३ रात्री ४ दिवस फुकट’च्या व्हाउचरची तुलना वरच्या कशाशीच करू नका. तारीख मागायला गेलात की ‘युटिलिटी चार्ज’ आणि ‘प्रोसेसिंग फी’ निघते, आणि दिवाळीत, मे महिन्यात खोलीच नसते. अशा ठिकाणी गळ्यात मारतात तो टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा आधीच विकत घेतलेला हक्क, घेतलात तर वार्षिक देखभाल शुल्क त्या वर्षी गेलात किंवा नाही, तरी भरावंच लागतं.

डिपॉझिट, आणि जाण्याआधीचा मेसेज

पैसे कापले न जाताही लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते डिपॉझिटला. खोली पॉइंट्सवर असली तरी काउंटरवर कार्ड मागतात, जेवणखाण-मिनिबारसाठी. क्रेडिट कार्डावर रक्कम नुसती अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर ती खात्यातून खरंच जाते आणि परत यायला आठ-दहा दिवस लागू शकतात. दवाखान्याचे पैसे त्याच खात्यात असतील तर ऐन वेळी पंचाईत होते. रोख डिपॉझिट घेता का, हे आधी विचारा; रोख असलं की निघताना हातात परत.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

आणि पोराला म्हणा, बुकिंग करताना पाहुणा म्हणून तुमचं नाव आधारकार्डावर आहे तसंच टाक, माणसं मोजून टाक, आणि हॉटेलला एक ईमेल कर. मजकूर मी हा देतो: “ही रात्र पॉइंट्सवर आहे. पाहुणे दोन मोठे, एक सात वर्षांचा. नाश्ता धरलेला आहे का? नसेल तर दर किती? जादा गादीचे किती? डिपॉझिट किती आणि रोख चालेल का? याशिवाय काउंटरवर काही भरावं लागेल का?” उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट बाबांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. चेक-इनला तोच दाखवायचा आणि मिनिबार रिकामा करून न्यायला सांगायचं. मागितलं तर बहुतेक हॉटेलं तेवढं करतात.