बाग आखायची तर गार्डन अ‍ॅप की साधी एक्सेल शीट?

रोपं आणायच्या आधीच कुठल्या महिन्यात कुठला रंग दिसणार हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन रस्ते आहेत. एक गार्डन डिझाईनचं अ‍ॅप, झाडं बोटाने ओढायची आणि जागेवर ठेवायची, आणि दुसरी साधी एक्सेल शीट, आडवे महिने, उभी झाडं आणि फुलाच्या रंगाने भरलेले चौकोन. मी दोन्ही वापरलंय, पण साताऱ्यात, घरापुढे 8 फुटी पट्टा आणि मागे थोडी जागा एवढ्यावरच, त्या हिशोबाने वाचा. फार्महाऊसवाल्यांचं गणित वेगळं असू शकतं.

अ‍ॅपला नावं ठेवायच्या आधी त्याचं चांगलं सांगतो. घरच्यांना पटवायला त्याच्यासारखं काही नाही. तोंडी कितीही सांगा, सगळे हो हो म्हणतात, स्क्रीनवर चित्र दिसलं की मग आई लगेच म्हणते जास्वंद पायरीला एवढी चिकटून नको, येताजाता साडी अडकेल. उंची पण कळते, जी शीटमध्ये अजिबात कळत नाही. मे महिन्याच्या रकान्यात बहाव्याचा पिवळा आणि ताम्हणाचा जांभळा एकाखाली एक काय सुंदर दिसतात, पण त्यांच्या सावलीत ऑफिस टाइमची फुलझाडं लावली तर फुलं उघडणारच नाहीत हे शीट कुठे सांगते? शिवाय मोबाईलवर एकेक चौकोन रंगवत बसणं म्हणजे वैताग आहे, लॅपटॉप लागतोच.

आता माझं डोकं कुठे फिरलं ते. अ‍ॅपमध्ये ऋतू चार. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर, झालं. पावसाळा नाहीच! सुरुवातीलाच विचारतं की तुमच्याकडे शेवटचं फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, कधी पडतं, आता साताऱ्यात बसून त्याला काय उत्तर द्यायचं. बरं तेही सोडा, जुलै निवडला की ते सरळ समर धरतं आणि गेटवरची बोगनवेल गुलाबी भरलेली दाखवतं. आमची बोगनवेल मार्च-एप्रिलमध्ये पाणी तोडलं की पान दिसणार नाही अशी भरते, आणि एकदा पाऊस लागला की नुसते हिरवे लांबलचक फुटवे सोडत सुटते, काटे आणि पानं, रंगाचा पत्ता नाही. चाफा जानेवारीत आमच्याकडे सगळी पानं टाकून नुसती खुंटं घेऊन उभा असतो, अ‍ॅपमध्ये तो बारा महिने हिरवागार. आणि जे खरंच पावसात रंग देतात, तेरडा, सोनटक्का, कळलावी, पहिल्या सरीनंतर येणारी ती गुलाबी लिली, त्यातले निम्मे यादीतच नव्हते. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये असतीलही, मी काही सगळी बघितली नाहीत. पण वर्षातले चार महिने ज्या चित्रात चुकीचे आहेत ते बघून नर्सरीत पैसे द्यायला हात पुढे होत नाही.

शीटमध्ये मी जानेवारीपासून सुरुवात केलीच नाही, पहिला रकाना जून. भर फुलं असतील तर गडद रंग, तुरळक असतील तर फिका, नुसती पानं असतील तर हिरवा आणि झाड बोडकं असेल तर राखाडी. सगळ्यात वरची ओळ मात्र कंपाउंडच्या भिंतीची, कारण आमची भिंत पिवळी आहे आणि तिच्यापुढे सोनमोहर काय किंवा पिवळी कोरांटी काय, दिसतच नाही, तिथे गोकर्णाचा निळा उठतो. मग शीट उभी वाचायची, महिन्यामहिन्याने. तसं वाचल्यावर लगेच दिसलं की ऑक्टोबर रिकामा आहे. तेरडा संपलेला, शेवंती अजून कळीत, पेट्युनियाची रोपं बाजारात यायचीत, म्हणजे नेमकी दसरा-दिवाळीची पाहुण्यांची वर्दळ आणि पुढे फक्त हिरवं. अ‍ॅपमध्ये ऑटमचं चित्र छान भरलेलं होतं.

रंगाने ताटवे लावायची पद्धत ज्यांच्यामुळे गाजली त्यातल्या एक इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल, मूळच्या चित्रकार. मन्स्टेड वूड या त्यांच्या घराच्या बागेतला मोठा ताटवा सुमारे 200 फूट लांब, दोन्ही टोकांना निळे-राखाडी थंड रंग आणि मधे पिवळा, केशरी, लाल. पण तोसुद्धा मुख्यतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धासाठी, वसंतातली बाग त्यांनी वेगळी ठेवली होती. एवढ्या जागेत त्यांनी बारा महिन्यांचा हट्ट धरला नाही तर आपण 8 फुटात कशाला धरायचा. म्हणून मी पुढचा पट्टा पावसाळा आणि दिवाळीला दिला, मोगरा, कोरांटी वगैरे मागे. मेमध्ये पुढे फारसं काही नसतं आणि त्याचं काही वाटतही नाही, समोरच्या रस्त्यावर गुलमोहर आहेच, फुकटचा.

टोरांटो किंवा लंडनला असलेल्यांनी मात्र खुशाल अ‍ॅप घ्यावं, तिथे चार ऋतू आहेत आणि फ्रॉस्टची तारीख खरंच लागते. इथे ज्यांना फक्त कुठलं झाड कुठे ठेवायचं एवढंच बघायचंय त्यांनाही अ‍ॅप चालेल, पण त्यासाठी मला तरी ग्राफ पेपर आणि पेन्सिल पुरली. रंग आणि महिन्याचं बघायचं असेल तर मी शीटच म्हणेन. माझे महिने जसेच्या तसे उचलू नका, कोकणात किंवा विदर्भात ते पुढेमागे होणारच, शेजारच्या बागांत कधी काय फुलतंय ते बघत चौकोन बदलत जा. झेंडूची रोपं तेवढी शीट पूर्ण व्हायची वाट न बघता जुलै-ऑगस्टमध्येच लावून टाका, दसऱ्याला नाहीतर विकतच आणावा लागतो.